नऊ हॉल, एक पाहुणा आणि माइक कुणाच्या हातात?

मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

संस्थेचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना पहिल्या चार ओळींत कळेल. आणि कळवा, ऐरोली, खारघर, घोडबंदर रोड इथल्या आणखी दहा संस्था सध्या याच दोन कोटेशनांपुढे (कार्यक्रम उपग्रहावरून दाखवायचे की व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्यायचे) डोकं धरून बसल्या असतील असा माझा अंदाज आहे, त्यांनीही वाचलं तर बिघडत नाही.

मी आपल्या ठाण्याच्या कॉलेजात ३१ वर्षं फिजिक्सचा लॅब असिस्टंट होतो. सेमिनार हॉलचा साउंड बघणं माझ्या कामाच्या यादीत कधीच नव्हतं. पण ज्याला सोल्डरिंग येतं त्याने माइक बघायचा, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. त्यामुळे १५ ऑगस्टपासून निरोप समारंभापर्यंत प्रत्येक कार्यक्रम मी मिक्सरच्या मागे, भिंतीला टेकून, उभ्याने बघितला. निवृत्त झाल्यावरही बोलावणं येतं. मी जातो.

परवा सुवर्णमहोत्सवी वर्षाचं परिपत्रक हातात पडलं. वर्षभरात बारा कार्यक्रम, नऊही शाखांमध्ये एकाच वेळी, आणि पुढे ठळक अक्षरांत 'उपग्रहाद्वारे थेट संवाद'. चौकशी केली तेव्हा कळलं की मंडळापुढे दोन प्रस्ताव आहेत. एका एजन्सीचा प्रस्ताव उपग्रह प्रक्षेपणाचा : कार्यक्रम त्यांच्या केंद्रातून वर जाणार, आपल्या नऊ गच्च्यांवर छत्र्या बसणार, नऊ पडद्यांवर चित्र उतरणार. दुसऱ्याचा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा : प्रत्येक हॉलमध्ये कॅमेरा, माइक, स्पीकर आणि इंटरनेट. मंडळाचा कल पहिल्याकडे आहे असं ऐकतो. छत्री दिसते, फोटोत येते, उद्घाटनाला नारळ फोडायला बरी पडते. हे मी चेष्टेने लिहीत नाही, समारंभाला दिसणारी वस्तू लागते हे मलाही कळतं.

माझी हरकत छत्रीला नाही. माझी हरकत त्या पाच अक्षरांना आहे : थेट संवाद. नुसती बघायची छत्री लावली की प्रक्षेपण होतं. संवाद होत नाही. आणि हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

२००४ साली २० सप्टेंबरला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट वर गेला. निव्वळ शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका योजनेत आपल्या गच्चीवरही एक छत्री बसली. त्या जाळ्यात दोन तऱ्हेची केंद्रं असायची. एसआयटी म्हणजे जिथून उलट बोलताही येतं आणि आरओटी म्हणजे जिथे फक्त बघता येतं. आपल्या वाट्याला आरओटी आलं होतं. मला हे माहीत होतं, कारण खोका मी उघडला होता. आयोजक प्राध्यापकांना माहीत नव्हतं, किंवा त्यांनी कागद वाचला नव्हता. त्यांनी एफवायच्या मुलांना चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, प्रश्न लिहा, सर उत्तर देतील.

मुलांनी लिहिले. पडद्यावरचे सर बोलत राहिले. शेवटी त्यांनी "आता प्रश्न घेऊ" म्हटलं आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या केंद्रातल्या मुलाचा प्रश्न घेतला. आमच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेतला एक मुलगा हात वर करून बसला होता. पडद्याकडे बघून. किती वेळ? दीडएक मिनिट असेल. मग शेजारच्याने त्याचा हात खाली ओढला. चिठ्ठ्या गोळा करून माझ्याकडे दिल्या गेल्या, "पाठवून द्या" म्हणून. कुठे पाठवणार? तेवीस होत्या. माझ्या ॲप्रनच्या खिशातून लॅबच्या कपाटात गेल्या. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'सर, तुम्हाला पहिल्या वर्षी गणितात केटी लागली होती का?'

त्या व्याख्यानात त्याहून चांगला प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

२०१० मध्ये एज्युसॅटचं आयुष्य संपलं. छत्री मात्र गच्चीवर राहिली. कुणीतरी खांबावरून उतरवून उताणी टाकली, पावसाळ्यात तिच्यात पाणी साचलं आणि फवारणीवाल्याने डासांच्या अळ्या दाखवल्या तेव्हा ती भंगारात गेली.

आता उपग्रहाची बाजूही नीट मांडतो, कारण त्याला मोडीत काढणं हा अन्याय होईल. मी स्वतः त्या तंत्राचा भक्त आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग चालला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत इस्रोने टीव्ही पोचवला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, दहा फुटी छत्र्या होत्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण आपल्या कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस तो प्रयोग उभा करणाऱ्यांत पुढे होते आणि शास्त्रज्ञ यशपाल तेव्हा इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राचे प्रमुख होते. ज्या गावात रस्ता नव्हता तिथे चित्र पोचलं. त्या काळात त्याला दुसरा मार्गच नव्हता.

पण त्याच प्रयोगातला एक भाग फारसा कुणी सांगत नाही. जवळपास ५० हजार प्राथमिक शिक्षकांना त्यात विज्ञानाचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि ते नुसत्या टीव्हीवर सोडलं नव्हतं. जोडीला रेडिओ होता, छापील पुस्तिका होती, हाताने करायचे प्रयोग होते आणि जागेवर एक माणूस होता. एकतर्फी चित्राने काय होतं आणि काय होत नाही, हे त्या मंडळींना पन्नास वर्षांपूर्वीच पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्याला संवाद म्हटलं नाही.

उपग्रहाचा मोठा गुण असा की बघणारे दहा असोत की दहा लाख, वर पाठवायचा खर्च तोच. आजही 'स्वयंप्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर महिन्याचा एक पैसा न भरता दिसतात. २०१७ पासून चालू आहेत. आपल्या किती ग्रंथालयांत तो सेट लावलेला आहे, हे मंडळाने एकदा विचारावं. दुसरा गुण म्हणजे मधल्या रस्त्याशी त्याचं देणंघेणं नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की आपलं कॉलेज दोन दिवस आंधळं होतं. छत्रीला जेसीबी लागत नाही.

पाऊस मात्र लागतो. हे कोटेशनात कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. हे प्रक्षेपण कू बँडवर असतं. त्याच्या लहरी दोन-अडीच सेंटीमीटर लांबीच्या, आणि जोराच्या पावसाचे थेंब त्यांची ताकद शोषतात, विखरून टाकतात. रिमझिमीत काही होत नाही. पण येऊरच्या बाजूने काळं करून आलं, समोरची इमारत दिसेनाशी झाली की पडद्यावर आधी चौकोन पडतात, मग वक्त्याचं तोंड एकीकडे आणि कपाळ दुसरीकडे, मग निळा पडदा. पंधरा-वीस मिनिटांनी सर ओसरली की सगळं परत. जिथून कार्यक्रम वर जातो तिथे कोसळला तरी तेच. आपला वर्धापनदिन कुठल्या महिन्यात येतो? जुलैत. ठाण्यात. आणखी एक गंमत म्हणजे मार्चचा पहिला पंधरवडा आणि ऑक्टोबरची सुरुवात. त्या दिवसांत काही मिनिटं सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. आपल्या जुन्या छत्रीला हे दुपारी पाऊणच्या सुमारास व्हायचं. त्या वेळी हॉलमध्ये जेवणाची वाट बघत बसलेले असल्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं नाही, हा भाग वेगळा.

एजन्सीचे गृहस्थ मला भेटले तेव्हा म्हणाले, "काका, सॅटेलाइट आता पूर्वीसारखं नाही राहिलं, खालच्या कक्षेतले उपग्रह आलेत." आलेत, खरंय. पण ते पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून इंटरनेट देतात. यांच्या कोटेशनातला उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंच उभा आहे. शब्द वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो, प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा, आणि चित्र दाबून लहान करायला लागणारा वेळ वेगळा. दोन माणसं बिनअडखळता बोलायची तर आवाज एकीकडून दुसरीकडे १५० मिलीसेकंदांच्या आत पोचावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याहून जास्त झालं की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "नाही नाही, तुम्ही बोला" सुरू होतं. अर्थात या कोटेशनात तोही प्रश्न नाही, कारण उलट बोलायची सोयच नाही. प्रश्नांसाठी एक व्हॉट्सॲप नंबर दिलाय. त्याला त्यांनी 'इंटरॲक्टिव्ह' म्हटलंय.

आता एक दिवस असा सांगतो की ज्या दिवशी संवादाची कुणालाच गरज नव्हती. २३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ उतरणार होतं. वरूनच सूचना आली होती की मुलांना दाखवा, म्हणून कॉलेज संध्याकाळी उघडं ठेवलं. हॉल गच्च. आपण पडद्यावर यूट्यूब लावलं होतं. सहा वाजून गेले, उंचीचा आकडा उतरतोय, तीनशे पोरं श्वास रोखून. आणि एवढ्यात खालून कँटीनमधून आरडाओरडा, टाळ्या, पातेल्यावर डाव बडवल्याचा आवाज. कँटीनवाल्याकडे छत्रीचा टीव्ही होता. तिथे यान उतरलं होतं. आमच्या पडद्यावर ते अजून खाली यायचं होतं! वीस-पंचवीस सेकंद आम्ही तीनशे जण एकमेकांकडे बघत बसलो. मग आमचंही उतरलं.

त्या संध्याकाळी छत्री जिंकली, आणि जिंकायलाच हवी होती. तिथे कुणाला काही विचारायचं नव्हतं. सगळ्यांनी एकाच क्षणी एक गोष्ट बघायची होती. असले कार्यक्रम असतात : ध्वजवंदन, सुवर्णमहोत्सवाचा उद्घाटन सोहळा, अध्यक्षांचं भाषण, पदवीदान. यांना प्रक्षेपणच शोभतं. यांत कॉन्फरन्सिंग घातलं तर नऊ हॉलमधून "हॅलो, आवाज येतोय का" एवढंच ऐकू येईल. मग वक्त्याच्या तोंडी आपल्या खारघर शाखेतल्या चहावाल्याची ऑर्डर. हे घडलेलं आहे. "दोन कटिंग, एक बिनसाखर" हे वाक्य मी माननीय पाहुण्यांच्या मनोगतात ऐकलेलं आहे.

आता दुसरा दिवस.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या आठवड्यात गोव्याहून एक खाडी-अभ्यासक मॅडम बोलल्या. व्हिडिओ कॉन्फरन्सवर. फक्त दोनच हॉल जोडलेले, आपला आणि ऐरोलीचा. विषय ठाण्याची खाडी. फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ मध्ये मिळालेला रामसर दर्जा, खारफुटी. स्लाइड छान होत्या. पोरं जांभया देत होती, पण छान होत्या. मधेच ऐरोलीच्या हॉलमधून एका मुलीने माइक मागितला. दिवा कोळीवाड्यातली होती. म्हणाली, "मॅडम, फ्लेमिंगो वाढले म्हणता, पण आमच्याकडे निवट्या कमी झाल्या."

मॅडम थांबल्या. "निवटी? म्हणजे चिखलात उड्या मारते ती?"

"हो. आधी ओहोटीला पायाशी असायच्या."

"कधीपासून कमी झाल्या?"

मुलीला सांगता येईना. तिने काय केलं असेल? हॉलमध्ये उभ्याउभ्या वडिलांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून माइकला टेकवला. जी शिट्टी वाजली ती माझ्या कानात अजून आहे, मिक्सर खाली घेईपर्यंत अर्धा हॉल कानावर हात ठेवून बसला होता. पण मग वडिलांचा आवाज आला, आगरी-कोळी बोलीत, होडीवरूनच बोलत असावेत. भराव पडला तवापासून चिखलच बदलला, म्हणाले. आधी पाय गुडघ्यापर्यंत जायचा, आता घोट्यालाच कडक लागतं. मॅडमनी वही ओढली. दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. बिळं कशी असतात, तोंड किती मोठं, कुठल्या महिन्यात दिसतात. आपल्या ठाण्याच्या हॉलमधला कळव्याचा एक मुलगा उठला, आमच्याकडे अजून आहेत म्हणाला, आणि दोघांचं जुंपलं. मॅडमच्या अठरा स्लाइड दाखवायच्या राहिल्या. त्यांनी त्या पुन्हा उघडल्याच नाहीत.

हे व्याख्यान उपग्रहावरून झालं असतं तर अठराही स्लाइड पूर्ण झाल्या असत्या.

कीर्तनकार बुवाही एकटेच बोलतात. पण समोरचा डुलकी घेतोय की टाळी देतोय, हे बघून आख्यान लांबवतात किंवा आटोपतं घेतात. पुढच्या रांगेतली आजी डोळे पुसायला लागली की तोच अभंग परत घेतात. स्टुडिओतल्या वक्त्याला ही आजी दिसत नाही.

पण कॉन्फरन्सिंगवाल्यांचीही मी वकिली करायला बसलेलो नाही. त्यांच्या कोटेशनात नऊ हॉल एकत्र जोडून 'पूर्ण परस्परसंवाद' असं लिहिलंय. हिशेब करून बघा. नऊ हॉल, प्रत्येकी दोनशे पोरं धरली तरी अठराशे माणसं. तासाचा कार्यक्रम, त्यात आपल्या पद्धतीप्रमाणे स्वागत, परिचय, शाल-श्रीफळ आणि आभार धरून वीस मिनिटं गेली (शाल गोव्यातल्या पाहुण्याला इथे कशी पांघरायची, हा प्रश्न आपल्याकडे एकदा खरंच चर्चेला आला होता). राहिली चाळीस. त्यातली वीस भाषणाची. वीस मिनिटं प्रश्नांना. एक प्रश्न नीट विचारून, नीट उत्तर व्हायला तीन मिनिटं. म्हणजे सहा-सात प्रश्न, नऊ हॉलमध्ये. दोन-तीन हॉलना एकही नाही. त्या हॉलमधल्या मुलांनी महागातला टीव्हीच बघितला.

म्हणून माझी पहिली विनंती : बारा कार्यक्रमांना एका मापाने कापू नका. उद्घाटन, वर्धापनदिन, समारोप हे तीन-चार कार्यक्रम खुशाल एकतर्फी करा आणि परिपत्रकात तसं लिहा, 'थेट प्रक्षेपण'. त्यासाठी वर्षभराचा उपग्रहाचा वेळ विकत घ्यायचं कारण नाही. ज्या शाखांत नेट धड आहे तिथे साध्या लाइव्ह स्ट्रीमने भागतं. वीस सेकंद मागे राहिलं तर राहू दे, फक्त कँटीनचा टीव्ही बंद ठेवा. उरला प्रश्न मोखाड्याचा. एके काळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेली, आता पालघरमध्ये गेलेली ती शाखा. तिथे नेट येतं-जातं. तिथे छत्रीला खरा अर्थ आहे, पण एका शाखेसाठी अपलिंक, म्हणजे कार्यक्रम उपग्रहावर चढवायची सोय, घेणं म्हणजे एका पाहुण्यासाठी अख्खा हॉल भाड्याने घेणं. त्यापेक्षा मोखाड्याच्या मुलांना वर्षातून दोनदा एसटीने ठाण्याला आणा, जेवण घाला, पहिल्या रांगेत बसवा. याचा खर्च मी काढला नाही, पण छत्रीपेक्षा कमीच असेल.

व्याख्यानमालेचे आठ कार्यक्रम मात्र संवादाचे करा, आणि एका वेळी दोन, फार तर तीन हॉल जोडा. बाकीच्यांची पाळी पुढच्या वेळी. पाहुण्याचं भाषण आठवडाभर आधी रेकॉर्ड करून सगळ्या शाखांना पाठवून द्या, मुलं मोबाइलवर बघतील, नाही बघणार ती नाही बघणार. जोडणीचा तास सगळा प्रश्नांचा. भाषण ऐकायला माणूस जिवंत लागत नाही, उत्तर द्यायला लागतो. मॅडमनी निवटीबद्दल विचारलं तो अर्धा तास माझ्या ३१ वर्षांतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी कार्यक्रम होता.

आता पैसे कुठे घालायचे ते. कोटेशनात कॅमेऱ्याला सगळ्यात मोठा आकडा आहे आणि माइकला सगळ्यात छोटा. उलटं करा. चित्र अडकलं तर लोक पाच मिनिटं सहन करतात, आवाज फुटला की दुसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतात. हॉलमध्ये फिरवायला दोन कॉर्डलेस माइक हवेत आणि ते फिरवायला दोन चपळ पोरं, एनएसएसची. पहिल्या रांगेत मान्यवरांच्या हातात दिलेला माइक मागे कधीच पोचत नाही, हे मी शपथेवर सांगतो. मिक्सरवरून पाहुण्याचा आवाज फक्त हॉलच्या स्पीकरला द्यायचा, परत पाहुण्याकडे जाऊ द्यायचा नाही. नाही तर त्याला स्वतःचंच बोलणं मागून ऐकू येतं आणि तो दर वाक्याला अडखळतो. हे करायला महागडं यंत्र लागत नाही, मिक्सरच्या ऑक्सची (जादा आउटपुटची) एक वायर आणि ती कुठे लावायची ते माहीत असलेला माणूस लागतो.

दिव्यांचंही सांगतो. प्रोजेक्टर छान दिसावा म्हणून आपण हॉल काळोखा करतो. मग पाहुण्याला पलीकडून काय दिसतं? काळोखच. दोनशे मुलांऐवजी मोबाइलचे पंधरा-वीस निळे ठिपके. मुलांच्या बाजूचे दिवे चालू ठेवा, पडद्यावरचे तेवढे बंद करा. त्यासाठी आपल्या हॉलमधल्या स्विचबोर्डाची वायरिंग वेगळी करावी लागेल. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि मी ते २०१४ पासून मागतोय.

नेटचं म्हणाल तर लाइनचा डाउनलोडचा आकडा बघून भुलू नका. एका हॉलच्या एका स्वच्छ चित्राला तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण तेवढेच वर जायलाही हवेत, आणि ते कार्यक्रमाच्या वेळी आख्खं कॉलेज रील बघत असताना हवेत. हॉलला वेगळी, वायरची लाइन द्या. वायफायवर व्हिडिओ कॉन्फरन्स म्हणजे गावदेवीच्या बाजारात पोथी वाचणं. आणि काहीही घ्या, छत्री किंवा कॅमेरा, आधी इन्व्हर्टर घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, ऑनलाइन परीक्षेला बसलेली पोरं स्क्रीनकडे बघत राहिली आणि पेपर पुढे ढकलावे लागले. त्या दिवशी उपग्रह वर अगदी ठणठणीत होता. खाली त्याचं ऐकायला वीज नव्हती.

शेवटचं मागणं थोडं अवघड आहे. प्रश्नांच्या चिठ्ठ्या बंद करा. चॅटमधला प्रश्न निवेदकाने वाचून दाखवायची पद्धतही बंद करा. निवेदक बिचारी सभ्य असते. ती 'निवट्या कमी झाल्या' या वाक्याचं 'जैवविविधतेच्या ऱ्हासाबद्दल आपण काय सांगाल' करते, आणि मग पाहुणाही तसंच उत्तर देतो. मूल उभं राहू दे, अडखळू दे, मराठीत विचारू दे. एखादं आगाऊ विचारेल. विचारू दे. केटीचा प्रश्न ज्याने लिहिला त्याला तो हॉलमध्ये उभं राहून विचारता आला असता, तर पडद्यावरचे ते सर हसले असते की चिडले असते, हे मला आजही जाणून घ्यायचंय.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला बोलावलंत तर येईन. त्या तेवीस चिठ्ठ्या आणतो. पार्लेच्या एका जुन्या डब्यात आहेत, शाई थोडी उडालीय, पण वाचता येतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सेमिनार हॉलच्या मिक्सरमागचा माणूस
ठाणे

ता. क. : कॉर्डलेस माइकचे सेल नवीन टाकलेत. जुने फेकू नका, भिंतीवरच्या घड्याळाला चालतात. ते घड्याळ गेल्या दिवाळीपासून बंद आहे.